सोळानंतर अठरा

आधीच सांगते, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. ही गोष्ट मी दोघींच्या तोंडून ऐकली आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत बसून. एक माझी आई, दुसरी माझी धाकटी मावशी. पंखा किती नंबरवर ठेवायचा, यावरसुद्धा या दोघी बहिणींचं आजवर एकमत झालेलं नाही. पण या गोष्टीत एकीचा शब्द दुसरीपेक्षा वेगळा निघाला नाही.

आणि ती रात्र नव्हती.

भर दुपार होती. लख्ख ऊन. धावती गाडी, भरलेला डबा, कोणी घोरतंय, कोणी मोबाईलवर मोठमोठ्याने बोलतंय. असल्या गोष्टी अंधारातच घडतात अशी ज्यांची समजूत आहे, ते सुखी आहेत.

मावशी एका सहल कंपनीत मॅनेजर आहे. वीस-बावीस माणसांचा ग्रुप घ्यायचा, रेल्वेने बंदरावर न्यायचा, क्रूझच्या जहाजात चढवायचा, चार दिवस समुद्र दाखवून सुखरूप परत आणायचा. ऐकायला मजेचं वाटतं. करायला लागलं की नाकी नऊ येतात. एकाचं औषध घरी राहिलेलं असतं, दुसरा खिडकीसाठी भांडत असतो, तिसरी प्रत्येक स्टेशनवर उतरून पाय मोकळे करते. त्यांची डोकी मोजायची म्हणजे बेडकांची पंचेरी!

म्हणून मावशीने स्वतःची पद्धत काढली होती. प्रत्येकाला एक नंबर. गाडी मोठ्या स्टेशनवर थांबली की सुटण्याआधी मावशी डब्याच्या मधोमध उभी राहून ओरडायची, "मोजणी!" मग ज्याने त्याने आपला नंबर सांगायचा. एक, हजर. दोन, हजर. मावशी वर बघतसुद्धा नसे. नजर यादीवर, पेन हातात, कान आवाजाकडे. दोन मिनिटांत काम फत्ते.

तिला आपल्या कानांचा फार अभिमान होता. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नाही, हे आम्हाला तिने शंभरदा ऐकवलं आहे.

सहा वर्षांपूर्वी याच गाडीत, याच मार्गावर तिच्या ग्रुपमध्ये एक नवरा-बायको होते. तो घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळवाले काका म्हणत. बायको शिवणकाम करायची. तिचा नंबर सोळा, त्याचा सतरा. स्वभावाने गरीब माणूस, पण प्रत्येक स्टेशनवर उतरायची खोड. दोनदा त्याच्यामुळे मोजणी अडली. लोक कुरकुरले. "अहो, जहाज काय तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

मग एक जंक्शन आलं. तिथे इंजिन बदलतात, गाडी बारा मिनिटं थांबते. काका बाटली घेऊन उतरले.

मोजणी झाली. "सोळा, हजर."

"सतरा, हजर."

आवाज बाईचा होता.

मावशीने तो ऐकला. ओळखलं की हा काकांचा नाही. नवऱ्याला पुन्हा बोलणी बसू नयेत म्हणून बायकोनेच त्याचा नंबर सांगून टाकला असणार. गेला असेल बाथरूमला, येईल. मावशीने वर न बघता खूण केली आणि पुढे गेली.

गाडी सुटली. काका प्लॅटफॉर्मवरून धावत आले. दांडीला हात लागला, पाय मात्र फळीला लागला नाही.

पुढचं मी लिहीत नाही.

चौकशीत मावशीने लेखी जबाब दिला. 'सतरा नंबरचा प्रवासी मोजणीला हजर होता. मी त्याचा आवाज स्वतः ऐकला. तो नंतर आपल्या मर्जीने उतरला असावा.' त्या बिचारीवर बालंट नको, एवढ्यासाठी आपण खोटं लिहिलं, असं मावशी स्वतःला सांगत राहिली. यात अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे स्वतःची कातडी बचावणं होतं, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

त्यानंतर सहा वर्षं ती या मार्गावर फिरकली नाही. डोंगरातल्या सहली घेतल्या, थंड हवेच्या ठिकाणांच्या घेतल्या. जहाज म्हटलं की कानाला खडा. पण यंदा दुसऱ्या मॅनेजरचा पाय मोडला आणि ही सहल तिच्या गळ्यात पडली.

एकटीने जायची हिंमत होईना. म्हणून तिने माझ्या आईला बरोबर घेतलं. वरवर कारण असं, की ताईने आयुष्यात जहाज फक्त कॅलेंडरवर पाहिलंय.

बावीस माणसं होती. नंबर मात्र तेवीसपर्यंत. मावशीने सतरा कोणालाच दिला नव्हता. गाडीत बसल्या बसल्या तिने बजावलं, "सोळानंतर थेट अठरा. मध्ये कोणी काही बोलायचं नाही."

"का हो मॅडम, अपशकुनी आहे का सतरा?" चार नंबरवाल्या रिटायर्ड दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. "मी तर सतराव्या वर्षी प्रेमात पडलो होतो!"

"मग अपशकुनीच की," त्यांची बायको म्हणाली. सगळे हसले.

माझ्या आईचा नंबर अकरा. ही सूचना तिने ऐकलीच नाही. ती तेव्हा बॅगेची चेन बसवत होती. सूचना न ऐकणं हा आईचा जुना आजार आहे.

पहिल्या स्टेशनवर मोजणी झाली. "पंधरा, हजर." "सोळा, हजर."

मध्ये जराशी शांतता... मग "अठरा, हजर."

सगळं ठीक.

दुसऱ्या स्टेशनला पुन्हा मोजणी. "सोळा, हजर."

आणि मग... कोणीतरी घसा खाकरला.

बोलण्याआधी माणूस खाकरतो ना, तसा. दाराकडच्या बाजूने. मावशीचं पेन कागदावर थांबलं. "अठरा, हजर," पुढचा आवाज आला. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून तिने खूण केली. डब्यात पन्नास माणसं आहेत, खाकरायला काय बंदी आहे?

तिसरं स्टेशन.

"सोळा, हजर."

"सतरा... हजर."

मऊ, दमदार आवाज. शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं. घड्याळवाले काका नंबर सांगायचे, अगदी तसं.

मावशीने झटकन वर पाहिलं. दाराजवळच्या दोन्ही सीटवर कोणीच नव्हतं. दार बंद होतं. दोन डब्यांमधली जागा काचेतून दिसत होती. रिकामी.

"कोण बोललं? कोणी केली ही थट्टा?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मी नाही हं. काय झालं? सोळानंतर अठराच आला की."

कोणीच ऐकलं नव्हतं.

मावशी येऊन आईशेजारी बसली. पाणी प्यायची म्हणून बाटली उघडली, तर निम्मं पाणी मांडीवर. तिने मनाशी ठरवलं, कान वाजले. सहा वर्षांनी या मार्गावर आलोय, वाजणारच.

तेवढ्यात आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तो सतरा नंबरवाला कोण गं? आवाज काय छान आहे त्याचा. रेडिओवर असल्यासारखा."

मावशीला त्या एका क्षणात कळलं. जे आपल्या डोक्यात आहे असं वाटत होतं, ते बाहेर होतं. आणि ते ताईलाही ऐकू आलं होतं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"कोणी नाही म्हणजे? नीट ऐकलं मी."

"ताई, गप्प बस ना जरा!"

आई दुखावली आणि खरंच गप्प बसली. इथे मावशी चुकली. तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण सहा वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट ऐनवेळी ओठांवर येत नाही. ती पुन्हा गप्प राहिली.

मग ते जंक्शन आलं.

इंजिन बदलायचं, बारा मिनिटं. मावशीने दारात उभं राहून सांगितलं, कोणीही खाली उतरू नका. पण सहलीला आलेली माणसं म्हणजे शाळा सुटलेली पोरं. पाच-सहा जण तिच्या बाजूने निसटलेच. ऊन कडक होतं. प्लॅटफॉर्म लांबलचक आणि जवळजवळ मोकळा. मावशी घड्याळाकडे बघत होती. जहाजाचं दार साडेतीनला बंद होणार होतं. एकदा बंद झालं की राजा आला तरी उघडत नाही.

आठव्या मिनिटाला तिने सगळ्यांना आत हाकललं. दहाव्या मिनिटाला "मोजणी!" म्हणून ओरडली.

"एक, हजर." "दोन, हजर."

तिचं लक्ष पुढे होतं. सतराकडे. ती जीव मुठीत धरून त्या नंबरची वाट बघत होती. मधले नंबर कानांवरून जात होते, पेन आपोआप खुणा करत होतं. नऊ. दहा. अकरा. बारा...

"पंधरा, हजर."

"सोळा, हजर."

तिने डोळे मिटले...

काहीच नाही.

"अठरा, हजर."

खाकरणं नाही. आवाज नाही. मावशीला रडूच यायचं बाकी होतं. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, तेवीस. बावीस नंबर, बावीस खुणा. सगळे हजर. गाडीने हिसका दिला आणि ती हलली.

आणि तेव्हा तिच्या कानात ते पुन्हा वाजलं. आत्ताच येऊन गेलेलं. तिने ऐकून न ऐकलेलं.

'अकरा... हजर.'

मऊ, दमदार. शेवटचं अक्षर लांबवलेलं.

अकरा म्हणजे ताई. आणि आवाज पुरुषाचा होता.

मावशीने मागे वळून पाहिलं. खिडकीजवळच्या सीटवर आईची पर्स होती. चष्म्याचं घर होतं. आई नव्हती.

"ताई कुठंय?"

"बाथरूमला गेल्या असतील," डॉक्टरांची बायको म्हणाली. "आत्ता तर नंबर सांगितला त्यांनी. मी ऐकला."

"त्यांच्या आवाजात ऐकलात?"

"आता आवाज कोण एवढा बघतंय, मॅडम?"

प्लॅटफॉर्म मागे सरकत होता. एक खांब गेला, दुसरा गेला. बाथरूमपर्यंत जाऊन बघून यायला एक मिनिट लागलं असतं, आणि त्या मिनिटात गाडी स्टेशनाबाहेर गेली असती. साखळी ओढली आणि ताई आतच निघाली, तर बावीस माणसांचं जहाज चुकणार, नोकरी जाणार. मागच्या वेळी हाच हिशेब तिने एका क्षणात केला होता.

या वेळी तिने साखळीला लटकूनच ती ओढली.

गाडी किंचाळत थांबली. मावशी उडी मारून धावत सुटली. चप्पल एकीकडे, यादी दुसरीकडे. प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर आई बसली होती. मांडीवर भरलेली बाटली. निवांत.

"अगं, गाडी का सुटली?" आई म्हणाली. "वेळ आहे म्हणाले होते ना?"

"कोण म्हणालं?"

"ते... आपल्यातलेच. सतरा नंबरवाले."

आईने जे सांगितलं ते असं. ती बाटली भरून वळली, तर बाकावर एक गृहस्थ बसले होते. किडकिडीत, चौकटीचा शर्ट. गाडीतला आवाज तिने लगेच ओळखला. ते म्हणाले, "बसा हो. इंजिन बदलतायत, बराच वेळ आहे." मोजणी व्हायची आहे, असं आई म्हणाली. त्यावर त्यांनी विचारलं, "तुमचा नंबर कितवा?" आईने सांगितला. ते उठले. "तुम्ही बसा. मी सांगतो तुमचा नंबर." आणि सावकाश गाडीच्या दिशेने निघून गेले.

"ताई, त्यांना तू चढताना पाहिलंस?"

आई विचारात पडली. "नाही गं. ऊन डोळ्यांवर येत होतं."

गार्ड आला, ओरडला, कागद पुढे केला. साखळी ओढण्याचं कारण लिहा. मावशीने लिहिलं, 'एक प्रवासी मागे राहिला होता. मोजणीत दुसऱ्याच कोणाचा आवाज आला, हे मला कळलं होतं.' सही करताना तिला हुंदका आवरेना. सहा वर्षांपूर्वी हेच लिहायचं होतं.

गाडी पंचवीस मिनिटं उशिरा बंदरावर पोचली. दार बंद व्हायला अजून वीस मिनिटं होती, जहाज उभं होतं. सात मजली, पांढरंशुभ्र, आणि बायाबापड्या त्याच्याखाली उभ्या राहून फोटो काढत होत्या. माझी आईसुद्धा! तिला अजून काहीच कळलं नव्हतं. बॅगांवर खोलीचे नंबर अडकवले, रांग लागली. दारावर प्रत्येकाचा फोटो आणि चेहरा ताडून आत सोडत होते.

मावशी रांगेबाहेर एका कोपऱ्यात गेली आणि तिने फोन लावला. सोळा नंबरला. घड्याळवाल्या काकांच्या बायकोला. तो नंबर सहा वर्षं तिच्याकडे होता, एकदाही लावलेला नव्हता.

पलीकडे शिवणाचं मशीन चालू होतं. मग थांबलं.

मावशीने कुठेही न थांबता सगळं सांगितलं. जबाब खोटा होता. काकांचा आवाज मी ऐकलाच नव्हता. त्यांचा नंबर तुम्ही सांगितलात, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तरी मी वर बघितलं नाही. दोष तुमचा नाही, माझा आहे. मला माफ करा.



"मॅडम," बाई म्हणाल्या, "मी सतरा म्हटलंच नव्हतं."

मावशीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"मी सोळा म्हटलं आणि गप्प बसले. आता तुम्ही रागावणार म्हणून मान खाली घातली होती. तेवढ्यात माझ्या मागून एक बाई बोलली, सतरा हजर. मला वाटलं, हे मागच्या दाराने चढले आणि तिथल्या कोणी त्यांच्या वतीने सांगितलं. म्हणून मी वळूनही बघितलं नाही." त्यांचा आवाज फुटला. "नंतर तुम्ही लिहून दिलंत की यांचाच आवाज ऐकला. एवढ्या शिकलेल्या तुम्ही. मला वाटलं माझेच कान बिघडले. सहा वर्षं मी हेच समजत आले, मॅडम. डॉक्टरकडे जाऊन कान तपासून आले."

"तुमच्या मागे कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. माझी सीट शेवटची होती. मागे भिंत होती."

फोन ठेवला तेव्हा रांग संपत आली होती. मावशीने पुढे होऊन एकेकाच्या खांद्याला हात लावला. एक, दोन, तीन. तोंडाने नाही, हाताने. माझ्या आईचा हात तर तिने जहाजात जाईपर्यंत सोडला नाही.

ते काका ताईला मागे ठेवायला आले होते की मावशीला एकदा तरी वर बघायला लावायला, हे तिला आजही सांगता येत नाही. पण खरी भीती तिला त्यांची वाटतच नाही. त्या बाईची वाटते. ती कुठल्या ग्रुपमधली, कधी मागे राहिलेली, आणि तिच्याआधी तिच्या नावाने कोण हजर म्हणालं होतं? मावशीने बावीस वर्षं वर न बघता मोजण्या केल्या. त्यातले किती आवाज माणसांचे होते, हे आता कोण सांगणार?

तिने ती नोकरी सोडली नाही. पण मोजणीला आवाज घेत नाही. समोर जाते, चेहरा बघते, खांद्याला हात लावते. लोक वैतागतात. वैतागू देत.

मला मात्र एक सवय लागली आहे. मी बाहेरच्या खोलीत काम करत असते, आई आत असते. मी हाक मारते. ती ओ देते. आवाज तिचाच असतो, अगदी तिचाच. तरी मी काम बाजूला ठेवून उठते आणि आत जाऊन बघते.

काल ती चिडलीच. "ओ दिली ना मी?"

"दिलीस."

"मग उठून कशाला आलीस?"